गोव्यात बेरिल शोधताना: व्हाळ, गडगा आणि तराजू

वाळू धुवायच्या पॅनमध्ये बेरिल (पाचू ज्याचा एक प्रकार ते खनिज) सापडत नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण रत्नांचे खडे शोधायचा छंद म्हटला की माणूस पहिल्यांदा पॅन विकत घेतो आणि व्हाळात, म्हणजे ओढ्यात, उतरतो. पॅन जड कण खाली ठेवतो आणि हलके वाहून नेतो. गारगोटीचं, म्हणजे क्वार्ट्झचं, विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड ते) २.६५. बेरिलचं साधारण २.६६ ते २.८. म्हणजे पाण्याच्या लेखी दोघेही सारखेच, आणि गारगोटीबरोबर बेरिलही पॅनच्या काठावरून निघून जातं. सोनाराच्या दुकानातला केर धुणाऱ्या झारेकऱ्याला सोनं मिळतं ते सोनं एकोणीसपट जड म्हणून. बेरिलला ती सोय नाही.

गोव्यात फिरून आम्हाला आजवर खात्रीचं बेरिल मिळालेलं नाही. तरी शोधायची रीत काय, कुठे वेळ जातो आणि घरी आणलेल्या दगडाचा निकाल कसा लावायचा, हे आता बऱ्यापैकी बसलं आहे.

आधी जागा. बेरिल बहुतेक वेळा पेग्माटाइटमध्ये असतं. ग्रॅनाइटचा रस थिजत असताना शेवटी उरलेला, पाणी आणि दुर्मीळ मूलद्रव्यं जास्त असलेला भाग भेगांत शिरतो आणि त्यात मोठमोठे स्फटिक वाढतात, तो पेग्माटाइट. बेरिल ज्यापासून होतं त्या बेरिलियमला ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पार किंवा अभ्रक या खनिजांत सहज जागा मिळत नाही, म्हणून ते शेवटपर्यंत रसातच राहतं. तेव्हा शोध ग्रॅनाइटच्या आसपास घ्यायचा. गोव्यात तो दक्षिणेला, काणकोण आणि केपे तालुक्यांत. पाळोळेच्या टोकांना समुद्रात उतरलेल्या खडकांत फेल्डस्पारचे मोठे आयताकृती स्फटिक उघड्या डोळ्यांना दिसतात. पारोड्याचा चंद्रनाथ पर्वतही ग्रॅनाइटचाच, पण ते देवस्थान आहे; तिथे हातोडा पिशवीतून बाहेर काढायचा नाही. सत्तरीच्या ईशान्य कोपऱ्यात दख्खनच्या बेसॉल्टची कड येते. त्यातल्या पोकळ्यांत गारगोटी नि कॅल्सिडनी शोधणं हा वेगळा खेळ, बेरिलशी त्याचा संबंध नाही.

भूवैज्ञानिक नकाशे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश या संकेतस्थळावर नोंदणी करून फुकट मिळतात. काणकोणसाठी मात्र दोन नकाशे लागतात: पंधरा अंश अक्षांशाची रेघ पाळोळेच्या जरा दक्षिणेकडून जाते, त्यामुळे वरचा भाग ४८ आय मध्ये आणि गालजीबाग, पोळेकडचा ४८ जे मध्ये. एकच उतरवून घेऊन निघालात तर अर्धा दिवस नकाशाबाहेर जातो.

एक मोहाची गोष्ट इथेच निकालात काढू. पाचू म्हणजे क्रोमियम किंवा व्हॅनेडियममुळे हिरवं झालेलं बेरिल. बेरिलियम पेग्माटाइटमधून येतं, क्रोमियम काळ्या अल्पसिलिक खडकांतून, आणि या दोघांची गाठ जिथे पडते तिथे पाचू होऊ शकतो. राजस्थानात १९४३ मध्ये सापडलेला पाचू अशाच संपर्काच्या पट्ट्यातला. गोव्यात उसगाव आणि बोंडला भागात असे काळे खडक आहेत, म्हणून कुणीतरी दर वर्षी 'मग तिथे पाचू का नसेल?' असं विचारतं. नुसता एक भिडू असून भागत नाही, त्या खडकाला बेरिलियमवाला पेग्माटाइट छेदून गेलेला हवा. शिवाय बोंडला अभयारण्य आहे, तेव्हा चर्चा तिथेच संपते.

कायद्याचं थोडक्यात. खाण आणि खनिजे कायदा १९५७ प्रमाणे परवान्याशिवाय खनिजाचं पूर्वेक्षण करता येत नाही. बेरिल तर २०२३ च्या दुरुस्तीपर्यंत अणुखनिजांच्या यादीत होतं. आता ते महत्त्वाच्या आणि सामरिक खनिजांच्या यादीत आहे. म्हणून छंदवाल्याने खणायचं नाही आणि विकायचं तर अजिबात नाही. मालकाला विचारून मोकळे पडलेले दगड बघायचे, एखाद-दुसरा नमुना त्याला दाखवून घ्यायचा, एवढाच आमचा नियम. खोतीगाव, नेत्रावळी, म्हादई, मोले, बोंडला ही अभयारण्यं पूर्ण वर्ज्य. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ तिथून काहीच उचलू देत नाही. किनाऱ्यावर सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) आहे, तिथे बघणं आणि फोटो एवढंच. उरतात खासगी भाटं (बागायती), कोमुनिदादीच्या, म्हणजे गावकीच्या, जमिनी, नव्या विहिरीचा मलमा, घराच्या पायासाठी कापलेली दरड. भाटकाराला विचारताना 'रत्नं शोधतोय' असं म्हणू नये. दुसऱ्या दिवशी तिथे चार माणसं फावडी घेऊन उभी असतात. 'दगडांचे नमुने बघतो' म्हटलं की पुरतं, आणि ते खरंही असतं.

काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसात रान इतकं माजतं की पायाखालचा दगड दिसत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये पालापाचोळा सगळं झाकतो. सत्तरीकडे जाणार असाल तर डिसेंबर ते मे माकडतापाचा हंगाम असतो. गोचीड चावून तो होतो. पँट मोज्यात खोचायची, पाल्यावर बसायचं नाही, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकायचे आणि अंग तपासायचं.

काजूच्या भाटात शिरल्यावर पहिल्यांदा गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, बघायचा. ही युक्ती कुठल्या पुस्तकातली नाही, पण गोव्यात तिच्याइतकी उपयोगी दुसरी नाही. भाट साफ करताना पिढ्यान्‌पिढ्या जे दगड आड आले ते उचलून लोकांनी गडग्यात रचले. म्हणजे साऱ्या भाटाचा नमुना एका रांगेत मांडून ठेवलेला असतो. शंभर मीटर गडगा चालत बघायला पंधरा मिनिटं लागतात. त्यात नुसता जांभा असेल तर पुढे जावं. पांढऱ्या दुधी गारगोटीचे कोनदार धोंडे, त्यांना चिकटलेली चंदेरी अभ्रकाची पानं, बोटाएवढे फेल्डस्पार दिसले तर त्या भाटात दिवस घालवायला हरकत नाही. गडग्यातला दगड काढायचा नाही, अर्थातच. एक काढला की पावसात तीन हात बांध बसतो.

गोव्याच्या पावसात पेग्माटाइटची दशा विचित्र होते. फेल्डस्पार सडून पांढरी माती होते, बोटाने चुरडते अशी. अभ्रक सुटून वाहून जातं. उरते ती मधली गारगोटी, आणि असलंच तर बेरिल, कारण तेही सडायला दाद देत नाही. म्हणून जमिनीवर शिरेचा पत्ता सांगतात ते गारगोटीचे सुटे तुकडे. ते उताराने खाली सरकलेले असतात, म्हणून शोध वर चढत घ्यायचा: दहा-दहा पावलांच्या अंतरानं आडव्या फेऱ्या मारत, प्रत्येक तुकड्याची जागा फोनवर टिपत. वर जाल तसे तुकडे मोठे आणि कोनदार होत जातात. एका रेषेच्या वर ते एकदम थांबले की शीर त्या रेषेच्या जवळपास आहे. इथे फसवतात माणसांनी आणलेले दगड: रस्त्याची खडी, रेल्वेची गिट्टी, नारळाच्या आळ्याभोवती लावलेले धोंडे. तुकडा गोल झिजलेला असेल तर तो नदीतून कुणीतरी आणलेला आहे, टिपू नये.

शीर सापडली की तिचा आडवा छेद वाचायचा. कडेला बारीक दाणे, मग फेल्डस्पार-गारगोटी-अभ्रकाचा भरड पट्टा, आणि मधोमध निव्वळ गारगोटी. बेरिल असलंच तर बहुधा त्या मधल्या गारगोटीच्या कडेला, फेल्डस्पारला लागून असतं. काळ्या अभ्रकापेक्षा पांढरं अभ्रक बरं चिन्ह. पातळ पत्र्यांसारखा पांढरा अल्बाइट (एक फेल्डस्पार) आणि काळी तुरमली (टूर्मलीन) दिसली तर आणखी बरं. पट्टेच नसलेला, सगळीकडे सारख्या दाण्याचा पेग्माटाइट बहुतेक रिकामा असतो. आम्ही पाहिलेल्यांपैकी जवळपास सगळे असेच.

बेरिल दिसतं कसं? चित्रातल्या निळ्या पारदर्शक खड्यासारखं नाही. साधं बेरिल मळकट पांढरं, पिवळसर किंवा फिकट हिरवं, अपारदर्शक आणि सहा बाजूंच्या पेन्सिलीसारखं, टोकाला सपाट. गारगोटीच्या स्फटिकाला टोकाशी निमुळता मनोरा असतो आणि त्याच्या बाजूंवर आडव्या रेघा असतात. बेरिलवर रेघा असल्या तर उभ्या. फेल्डस्पार उन्हात फिरवला की सपाट पृष्ठ आरशासारखं लखकन चमकतं. बेरिलला तसं पाटन (सपाट चिरण्याची दिशा) नाही, ते काचेसारखं वाकडंतिकडं फुटतं. सगळ्यात जास्त फसवतो अ‍ॅपेटाइट: तोही षट्कोनी, तोही हिरवट. पण त्याची कठीणता (मोह्सच्या १ ते १० मापावर) ५, चाकूच्या चांगल्या पात्याने ओरखडा पडतो. तुरमलीचा छेद गोलसर त्रिकोणी असतो.

ओळख पक्की करायला हातात खरं बेरिल हवं. राजस्थान किंवा नेल्लोरच्या अभ्रकपट्ट्यातलं अपारदर्शक साधं बेरिल खनिज विकणाऱ्यांकडे मिळतं. आम्ही तसा एक तुकडा आणून ठेवला आहे आणि प्रत्येक संशयित त्याच्याशेजारी ठेवून बघतो. सोनाराकडे मात्र 'वैडूर्य' म्हणून मागू नका. संस्कृत वैडूर्य, प्राकृत वेरुलिय यावरूनच ग्रीकांचा 'बेरिलोस' झाला हे खरं, पण आज मराठी सोनार वैडूर्य म्हटलं की लसण्या काढून दाखवतो. तो क्रायसोबेरिल, कठीणता ८.५, वेगळंच खनिज. समुद्रनिळ्या बेरिलला बाजारात बेरूज म्हणतात.

व्हाळाचंही काम आहेच, फक्त ते वेगळ्या खनिजांसाठी. झिरकॉन, गार्नेट, कोरंडम ही ३.५ च्या वरची मंडळी पॅनला सापडू शकतात. जागा निवडताना डिचोली, सांगेचा खाणपट्टा टाळा. तिथल्या गाळात हेमॅटाइटचे कण इतके असतात की पॅनचा तळ तांबूस-काळा होतो. हेमॅटाइट ५.२, त्याच्या खाली चारचा गार्नेट दडून जातो, आणि हेमॅटाइट साध्या चुंबकाला लागतही नाही. ग्रॅनाइटच्या भागातला व्हाळ घ्यावा. मोठ्या धोंड्याच्या खालच्या अंगाला, वळणाच्या आतल्या बाजूला, उघड्या खडकाच्या भेगेत साचलेली वाळू-खडी हवी. वरची मोकळी वाळू नको. तीही जागेवर धुऊन तिथेच परत टाकायची.

तीन चाळण्या लागतात: १२, ४ आणि २ मिमी. बारा मिमीच्या वरचं हाताने चाळून टाकायचं. चार ते बारा मिमीचं ओल्या ताडपत्रीवर पसरून बघायचं. ओला दगड रंग दाखवतो, सुका दाखवत नाही. चार मिमीच्या चाळणीची एक जुनी पद्धत आहे. ती पाण्यात धरून खालीवर ठोके देत थोडी फिरवायची, चाळीस-पन्नास वेळा, आणि मग एका झटक्यात गोणपाटावर पालथी घालायची. जड खडे मध्यभागी वर येतात, काळसर वर्तुळ दिसतं. वर्तुळ नाही आलं तर एकतर ठोके उथळ झाले किंवा खरंच जड काही नाही. दुसऱ्यांदा करून बघितल्याशिवाय टाकू नका.

दोन मिमीच्या खालचं पॅनमध्ये. जांभ्याच्या मुलखात पहिली अडचण मातीच्या गोळ्या. त्या फोडल्या नाहीत तर आतले कण गोळीबरोबर बाहेर जातात. म्हणून पॅन पाण्याखाली धरून दोन्ही हातांनी पीठ मळल्यासारखं मळायचं, पाणी गढूळ व्हायचं थांबेपर्यंत. मग वीसेक सेकंद आडवं हलवून थर बसू द्यायचे, पॅन पुढे कलंडवायचा, वरचा थर पाण्याला देऊन टाकायचा, परत हलवायचं. घाईत नवशिके हलवणं गाळतात आणि नुसतं कलंडवत बसतात, म्हणून त्यांच्या पॅनमध्ये शेवटी काहीच राहत नाही. चमचाभर काळी वाळू उरली की ती वाळवायची, चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरून फिरवायचा आणि पिशवी उलटी करून मॅग्नेटाइट झटकून टाकायचा. उरलेलं दहापट भिंगाखाली. लालसर दाणा दिसला की लगेच गार्नेट म्हणू नका. जांभ्यातला लिमोनाइटही तसाच दिसतो आणि जवळपास तितकाच जड असतो. चमच्याच्या पाठीने दाबा. लिमोनाइट चुरडून पिवळी पूड होते. गार्नेट चुरडत नाही आणि उजेडात धरला की आरपार लाल दिसतो.

आता तराजू. माझ्या मते या छंदात पैसे घालायचे तर ते हातोड्यात नाही, ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या छोट्या तराजूत घालावेत. रीत अशी. दगड ब्रशने घासून स्वच्छ करायचा, वाळवून वजन घ्यायचं. मग काचेचा पेला अर्धा पाणी भरून तराजूवर ठेवायचा आणि आकडा शून्य करायचा. दगड मासेमारीच्या पातळ नायलॉनने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा टांगायचा. तळाला नाही, काठाला नाही, कुठेच टेकता कामा नये. दोरा हातात धरला तर आकडा नाचतो, म्हणून दोन वाट्यांवर आडवी ठेवलेली चमच्याची दांडी वापरा, फक्त वाट्या तराजूच्या बाहेर हव्यात. आता तराजू दाखवतो ते बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. दगडाच्या वजनाला त्या आकड्यानं भागलं की विशिष्ट गुरुत्व.

काणकोणच्या एका भाटातला मळकट हिरवट तुकडा ८.४६ ग्रॅम भरला, पाण्यात आकडा ३.१९. भागाकार २.६५. गारगोटी, वर शेवाळी डाग. आमच्या संदर्भाच्या बेरिलचे आकडे १२.३१ आणि ४.५४, भागाकार २.७१. गोव्यात पाणी तीस अंशाच्या आसपास असतं तेव्हा त्याची घनता ०.९९६, त्यामुळे हिशेब काटेकोर हवा असेल तर भागाकाराला त्यानं गुणा. दुसऱ्या दशांशात एकाचा फरक पडतो.

चुका कुठे होतात ते नीट लक्षात ठेवा, कारण बहुतेक एकाच दिशेला जातात. दगडाला बुडबुडा चिकटला की तो जास्त पाणी सारतो आणि गुरुत्व कमी येतं. दगड तळाला टेकला तरी कमी. भेगेत माती राहिली तरी कमी. म्हणून गारगोटी २.५८ दाखवते तेव्हा दोष रीतीत असतो. पाणी उकळून थंड करायचं, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, बुडबुडे ब्रशने झटकायचे, तीनदा मोजून सरासरी घ्यायची. उलट दिशेची चूक एकच, लोखंडी गंज: तांबडा मुलामा चढलेली गारगोटी २.६९ दाखवते आणि माणूस दिवसभर हवेत तरंगतो. आणि तीन ग्रॅमच्या खालचा दगड मोजूच नये. एक ग्रॅमच्या गारगोटीचा आकडा ०.३८, तेवढ्याच बेरिलचा ०.३७, तराजूची शेवटची रेघच तेवढी आहे.

गंज काढायला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड. प्लॅस्टिकच्या बादलीत एक लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम, झाकण लावून दोन-तीन दिवस, घराबाहेर. ते विषारी आहे: हातमोजे, चष्मा, आणि स्वयंपाकघरातलं भांडं नको. नंतर साध्या पाण्यात दोन-तीन दिवस रोज पाणी बदलत ठेवायचं, नाहीतर दगडावर पिवळा थर बसतो आणि तो आधीच्या गंजापेक्षा वाईट. बेसॉल्टमधल्या झिओलाइट किंवा कॅल्साइटला हे लावायचं नाही, ते खराब होतात.

तराजूनंतर कठीणता. बेरिल ७.५ ते ८, गारगोटी ७. गारगोटीच्या स्वच्छ टोकाने संशयितावर न दिसणाऱ्या जागी दाबून ओढायचं आणि लगेच पुसायचं. पुसल्यावर रेघ गेली तर ती गारगोटीची पूड होती, दगड जास्त कठीण. रेघ राहिली आणि नखाला लागली तर ओरखडा, बेरिल नव्हे. सडलेल्या कातडीवर ही परीक्षा खोटी ठरते, ताज्या फुटलेल्या भागावर करा. कापणं किंवा घासणं मात्र घरी कोरडं कधीच नको. गारगोटीची धूळ फुप्फुसं खाते, बेरिलियमची त्याहून वाईट.

किनाऱ्यावरच्या हिरव्या खड्यांबद्दल एकच वाक्य पुरे: गोव्याच्या किनाऱ्यावर सापडलेला गुळगुळीत, धुरकट हिरवा तुकडा बियरच्या बाटलीचा असतो, गुरुत्व २.५, भिंगाखाली गोल बुडबुडे.

प्रत्येक नमुन्यावर व्हाइटनरचा ठिपका, त्यावर काळ्या शाईने क्रमांक, आणि वहीत तारीख, जागा, मोकळा होता की शिरेत होता, आजूबाजूचा खडक. २.६६ ते २.६८ मध्ये अडकलेले आणि कठीणतेच्या परीक्षेतही नीट बोलत नसलेले तुकडे वेगळ्या डबीत जातात. त्या डबीत सध्या चार आहेत. दोघांचं वजन तीन ग्रॅमपेक्षा कमी, म्हणून त्यांच्या आकड्यावर भरवसा नाही; एकाची कातडी इतकी सडलेली की ताजा भाग मिळत नाही. चौथा एका विहिरीच्या मलम्यातला, ६.०२ ग्रॅम, आकडा तीनदा २.२५ आला, म्हणजे २.६८, सहा बाजूंपैकी तीन शाबूत. त्याला ऑक्झॅलिकमधून काढून आज तिसरं पाणी बदललं. वाळला की परत मोजायचा, आणि तरीही तोच आकडा आला तर मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवायचा.